अम्माच्या पायाचं माप

माझ्या पायांविषयी मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं घरातल्या कुणाविषयी कधी ठाऊक नव्हतं. उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित लांब आहे, म्हणून नंबर उजव्याचा घ्यायचा. दिवसभरात पाय फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यायचं, भिंतीला टाच टेकवून, पायावर पूर्ण भार देऊन. करंगळी बाहेर पळते, तिला जागा हवी. अंगठ्यापुढे अर्धं बोट मोकळं हवं. एवढा अभ्यास मी दहावीच्या परीक्षेलासुद्धा केला नव्हता.

हे मराठीत लिहिते आहे, कारण तमिळमध्ये लिहिलं तर ऑफिसातल्या बायका वाचतील आणि इंग्रजीत लिहिलं तर माझा थोरला भाऊ वाचेल. तंजावरात घरी मराठी बोलणारे आम्ही बरेच आहोत, पण देवनागरी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. मीसुद्धा ती लिपी शिकले ती हिंदीच्या परीक्षांपायी. तेव्हा इथे खरं बोलायला हरकत नाही.

पन्नाशी उलटली त्या वर्षी रक्तात साखर निघाली. ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत मी नोकरी करते. सकाळी बसमध्ये बसायचं, दिवसभर खुर्चीत बसायचं, संध्याकाळी परत बसमध्ये बसायचं. लग्न केलं नाही, त्यामुळे घरी धावपळ करायला लावणारं कुणी नव्हतं. घरी मी आणि अम्मा. आईला आम्ही अम्माच म्हणायचो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला. मी चालायला लागले आणि चालता चालता एक दिवस पळाले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी परत पळाले.

नव्या कालव्याच्या काठानं सकाळी पळणाऱ्यांचा एक गट होता. त्यात एक निवृत्त इंजिनिअर होते. बारीक, काटक, आणि बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचा पाय मुळातच परिपूर्ण आहे. त्याच्याखाली जाड गादी घातली की तो आळशी होतो, आणि आळशी पाय म्हणजे दुखणारा पाय. आपले वाडवडील शेतात, देवळात, रस्त्यावर अनवाणी चालले, त्यांना कुठे टाचदुखी होती? इंजिनिअरांच्या स्वतःच्या पायातले बूट पापडाएवढ्या पातळ तळाचे होते. मुठीत धरून गुंडाळले की चेंडू व्हायचा.

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, झपाटलंच. ऑफिसातून आल्यावर मी फोनवर फक्त बूट बघत बसायची. टाच आणि चवडा एका उंचीवर हवेत, पुढे बोटं पसरायला जागा हवी, तळ पातळ हवा आणि कुठेही वाकायला हवा. पहिला जोड चुकला, चवड्याला आवळला. दुसरा बरोबर बसला. खोक्यात एक पत्रक होतं. सुरुवातीला नुसतं घरात घालून फिरा, मग दहा मिनिटं चाला, मग दोन मिनिटं पळा, पोटऱ्या दुखतील, घाई करू नका. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती: टाचदुखी असणाऱ्यांनी आणि वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. दोन्हींत मी बसत नव्हते, म्हणून पुढे वाचलं नाही.

महिनाभर पोटऱ्या ठणकल्या, मग पाय मजबूत झाले. खडा पायाखाली आला की कळायचं, मातीची ओल कळायची. पन्नाशीनंतर अंगाचा एखादा भाग सुधारतो आहे याचा आनंद काय असतो, तो ज्याचा त्यालाच ठाऊक. आणि नवा मुसलमान सारखी बांग देतो म्हणतात तसं माझं झालं. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या उंच टाचांच्या चपलेकडे बघूनही मी व्याख्यान सुरू करायची.

आता अम्माकडे येते.

अम्मा शहात्तर वर्षांची होती. आमचं घर साधं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली मोझेक, ओट्यापाशी ग्रॅनाइट. देवांचं फडताळ स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात. त्यामुळे चप्पल ही वस्तू उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. बाहेरच्या पायरीवर काढायची, पाय धुवायचे, मग आत. अम्मानं साठ वर्षं स्वयंपाक केला तो थंड, कडक फरशीवर अनवाणी उभं राहून. डाळ शिजेपर्यंत उभी, सांबार उकळेपर्यंत उभी, माझा डबा भरेपर्यंत उभी. बसून भाजी चिरणं तिला आळशीपणा वाटायचा.

या नियमाचा मला जुना राग होता. नववीत असताना आठशे मीटरच्या शर्यतीसाठी माझी जिल्ह्याला निवड झाली. शाळेच्या खेळाच्या बाईंनी कॅनव्हासचे पांढरे बूट दिले, शाळेचे, परत करायचे. मी ते छातीशी धरून घरी आणले. अम्मानं उंबऱ्यातच अडवलं. जोडे आत? देव आहेत आत! बूट पायरीवर राहिले. सकाळी एकच होता. दुसरा कुत्र्यानं नेला होता. मी अनवाणी पळाले, मैदानावर कोळशाची कच टाकलेली होती, तळव्यांची सालं निघाली, आणि चौथी आले. तिघी पुढे गेल्या. घरी आल्यावर अम्मानं हळद-तेल लावलं आणि म्हणाली, "रिकाम्या पायानं पळून चौथी आलीस कीं गे. मग जोडे कशाला?"

ती कौतुकानं म्हणाली होती. हे मला आज कळतं. तेव्हा ते वाक्य मनात जे रुतलं ते चाळीस वर्षं तसंच होतं.

दोन वर्षांपूर्वी अम्माची टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की "अय्यो" म्हणायची आणि भिंत धरायची. पाच-दहा पावलं चवड्यावर चालायची, मग जरा सैल व्हायचं, मग दुपारी उभं राहून पुन्हा सुरू. मी म्हणायची, गरम पाण्यात पाय घाल. ती घालायची. मी म्हणायची, बाटली पायाखाली घेऊन फिरव. तीही फिरवायची, खुर्चीत बसून, समोर तमिळ मालिका बघत. माझं ऐकण्यात तिला एक प्रकारचा अभिमान होता. माझी मुलगी पायांविषयी सगळं वाचते, असं ती शेजारच्या बाईंना सांगायची.

ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आमच्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा, त्या शेजारच्या बाईंनीच तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. मी ऑफिसात होते. खरं म्हणजे रजा काढता आली असती. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा अम्मा दारातच खुर्ची टाकून बसली होती. मी बूट काढते न काढते तोच तिनं सुरुवात केली.

"काय गे, दमलीस? ऐक. डॉक्टर म्हणाला, टाचेखालीं चरबीची गादी असते, ती माझी झिजली. फरशीवर रिकाम्या पायानं उभं राहायचं नाहीं. घरांत चप्पल घालायची. आधार देणारी. स्वयंपाक करतांनासुद्धां."

तिला वाटलं असणार, मी विचारीन की देवांचं काय. म्हणून तिनं उत्तर तयार ठेवलं होतं, एखाद्या वकिलासारखं.

"चामड्याची नको. रबराची चालते. रबर झाडाचेंच असतें ना गे? झाडाला कसला विटाळ? नवी कोरी आणायची, बाहेर एक पाऊलही न्यायची नाहीं. आधीं हळदीच्या पाण्यानं धुवायची. फडताळ उघडतांना काढून ठेवायची. काय म्हणतेस?"

साठ वर्षांचा नियम ती मोडायला निघाली होती आणि त्यासाठी माझी परवानगी मागत होती. दिवसभर बसून तिनं हे सगळं मनात जुळवलं असणार. किती दुखत असेल तेव्हा ती इथवर आली असेल, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

तिनं मांडीवरची घडी उघडली. तमिळ पेपरचं एक पान होतं. त्यावर तिनं आपला उजवा पाय ठेवून बॉलपेननं भोवती रेघ काढली होती. पूर्वी चांभाराकडे माप पाठवायची हीच पद्धत होती. तिला दुकानात जायला जमणार नव्हतं आणि नंबर वगैरे तिला माहीत नव्हते. "हें घेऊन जा," ती म्हणाली. "तुला चपलांतलें कळतें. चांगली बघून आण."

आणि मी व्याख्यान दिलं.

उभ्या उभ्या, ऑफिसची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून. म्हणाले, डॉक्टरांना हे नवं काही ठाऊक नसतं. मऊ चप्पल घातली की पायाचे स्नायू आणखी ढिले पडतात. तू इतकी वर्षं अनवाणी चाललीस तेच बरोबर होतं, आता जग तेच म्हणतं आहे. परदेशातले लोक पैसे मोजून अनवाणी पायासारखे बूट घेतात, तुझ्याकडे ते फुकट आहे. इंजिनिअरांची सगळी वाक्यं मी तिच्यापुढे ओतली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तिची जुनी रीत आणि माझी नवी फॅशन, दोघी एकमेकींना भेटल्या आणि मधल्या मध्ये अम्माची टाच सापडली.

शेवटी मी म्हणाले, "साठ वर्षं रिकाम्या पायानं काढलीस ना अम्मा. मग आता जोडे कशाला?"

हे वाक्य माझ्या तोंडून सहज गेलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. सहज गेलं नाही. तोंडातून निघताना मला ते ओळखू आलं होतं आणि मी ते अडवलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं तिचंच वाक्य मी तिला परत केलं. चव घेऊन परत केलं. आणि बरं वाटलं मला.

अम्मानं माझ्याकडे क्षणभर बघितलं. तिला ते आठवलं की नाही, मला माहीत नाही. त्या बूट नेणाऱ्या कुत्र्याची गोष्ट ती पाहुण्यांना हसत हसत सांगायची, म्हणजे ती विसरली नव्हती. "सेरि," ती म्हणाली. बरं तर. "तूं वाचतेस. तुला जास्त कळतें." आणि तो कागद तिनं माझ्या हातात दिला, बहुधा नुसता ठेवायला. मी तो दाराजवळच्या रॅकवर जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यावर टाकला.

त्यानंतर तिनं चपलेचं नाव काढलं नाही. भिंतीवर तिच्या पंजाच्या उंचीला एक तेलकट पट्टा उमटायला लागला, पलंगापासून मोरीपर्यंत. मला तो दिसत होता. पोंगलच्या आधी भिंत पुसून घ्यायला पाहिजे, एवढंच मनात आलं.

मार्गळी महिना लागला. या महिन्यात आमच्याकडे पहाटे दारापुढे पाणी मारून मोठमोठे कोलम काढतात, रांगोळीच ती, पण गल्लीतल्या बायकांत चुरस असते. अम्माचा हात तीस वर्षं गल्लीत पहिला होता. मी म्हटलं होतं, या वर्षी छोटा काढ. ती म्हणाली, छोटा काढला कीं लोक विचारतात. त्या दिवशी मी कालव्यावर पळायला गेले होते. थंड हवा होती, पाय हलके पडत होते, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली धाव असेल. गल्लीत वळले तर आमच्या पायरीशी शेजारच्या बाई अम्माचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पायरी ओली. कोलमाचं पीठ पाण्यात कालवलेलं. पहाटेच्या पहिल्या पावलांना ती नेहमीसारखी चवड्यावर चालत असणार, ओल्या पायरीवर चवडा सटकला.

शेजारच्या बाई तमिळमध्ये मला म्हणाल्या, "मी किती सांगितलं, चप्पल घाला अम्मा. म्हणायच्या, नको, माझी मुलगी शिकलेली आहे, ती नको म्हणते." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या नुसतं घडलं ते सांगत होत्या. मी पातळ तळाच्या बुटांत त्या ओल्या पायरीवर उभी होते आणि दगडाचा गारवा मला तळव्याला अगदी स्पष्ट लागत होता.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. अण्णा, माझा भाऊ, बेंगळुरूहून आला आणि आल्या आल्या मला म्हणाला, कामाला बाई ठेव म्हणून मी किती वेळा सांगितलं होतं. दर रविवारी फोनवर दहा मिनिटं सांगायचा, खरं आहे. सांगण्यात त्यानं कधी कुचराई केली नाही. मी त्याला उत्तर देऊ शकले असते. पण मग तो विचारता, पडली कशानं, आणि मला टाचेची गोष्ट सांगावी लागली असती. ती मी सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही. त्याला वाटतं, म्हातारपणी पडतात माणसं. डॉक्टरही तेच म्हणाले. झोपून राहिल्यानं छातीत कफ साठला, ताप चढला, आणि तीन आठवड्यांनी अम्मा गेली. शेवटच्या दिवसांत तिच्या पायांना मी तेल लावायची. टाच दाबली की विचारायची, दुखतं का? ती म्हणायची, "आतां नाहीं." आता उभं राहायचंच नव्हतं.

बाराव्या दिवशी दानं असतात. छत्री, काठी, पाण्याचं भांडं, दिवा, घोंगडी, आणि चप्पल. आमच्याकडे भटजींना वाध्यार म्हणतात. त्यांनी आदल्या दिवशी अण्णाला यादी दिली आणि चपलेपाशी बोट ठेवून म्हणाले, "ही चांगली आणा. त्या वाटेवर वाळू तापलेली असते, काटे असतात. इथे दिलेली चप्पल तिच्या पायांत जाते."

अण्णा मला म्हणाला, "तू जा. तुला चपलांतलं कळतं."

अम्माचंच वाक्य होतं ते. त्याला ठाऊक नव्हतं. मी गेले.

दुकान मोठ्या देवळाच्या रस्त्यावर आहे. मी दुकानदाराला म्हटलं, आधार देणारी सँडल दाखवा, टाच दुखणाऱ्या माणसासाठी. त्यानं सात-आठ जोड काढले, आणि मी त्यांची परीक्षा घेतली. एक मधोमध वाकत होती, ती बाजूला. सँडल चवड्यापाशी वाकावी, मध्ये वाकू नये. एक पिळली की कापडासारखी पिळली जात होती, तीही बाजूला. एकीचा तळ इतका लिबलिबीत होता की अंगठा खालपर्यंत गेला. असली चप्पल दोन दिवस सुख देते आणि मग आणखी दुखवते. टाचेला खोलगट वाटी हवी, कमानीखाली भरीव उंचवटा हवा, तीन पट्टे हवेत आणि तिन्ही सैल-घट्ट करता यायला हवेत. हे सगळं मला येत होतं. पूर्वीपासून येत होतं. उपाय काय करायचा हे ठाऊक नसणारी माणसं निदान अडाणी म्हणून सुटतात.

एक जोड मिळाला. तपकिरी, रबराचा, अगदी हवा तसा. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा मी अर्धा तास निवडून निवडून केला.

"नंबर?" दुकानदारानं विचारलं.

मी हातातली सँडल उलटीसुलटी करून बघितली. "लेडीज ना?" तो म्हणाला. हो म्हटलं. "कितीचा?"

मला अम्माच्या पायाचा नंबर माहीत नव्हता. ती बाहेर जाताना घालायची त्या चपला परत येताना लागतील म्हणून हॉस्पिटलात नेल्या आणि तिथेच कुठे तरी राहिल्या. मग मला तो कागद आठवला. मी शेजारच्या बाईंना फोन करून रॅकवर बघायला सांगितलं. त्यांनी सगळा गठ्ठा उलटापालटा केला. नाही, म्हणाल्या. मी अण्णाला फोन केला. त्याला कुठून माहीत असणार? तो म्हणाला, थांब, वाध्यारांना विचारतो. मला फोनवर त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. अण्णा परत आला आणि म्हणाला, "नऊ घे. पुरुषांचा. जे दान घेणार आहेत त्यांचा नऊ आहे."

"चालणार अम्मा आणि नंबर त्यांचा?" मी भर दुकानात ओरडले.

"अगं, घेणाऱ्याला बसायला नको का?" अण्णा म्हणाला. "तू आता तमाशा करू नकोस."

मी पुरुषांचा नऊ नंबर घेतला. दुसऱ्या दिवशी दर्भ, तीळ, पाणी सगळं झालं, आणि अण्णानं ती सँडल एका वयस्कर गृहस्थांच्या हातात दिली. ते पापनाशमहून बसनं आले होते. दाराबाहेर जाऊन त्यांनी ती लगेच घातली, दोन पावलं टाकली, थांबले, पुन्हा दोन टाकली. मग वळून माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "टाचेला फार बरं वाटतं हो. मला फार दिवसांचा त्रास आहे."

त्या माणसाची काही चूक नव्हती. तरी मला त्याच्या पायांतून ती काढून घ्यावीशी वाटली. मी आत जाऊन मोरीत नळ सोडून उभी राहिले.

पंगुनी महिन्याचं ऊन सुरू झालं तेव्हा गटातल्या एका बाईनं फोन केला, या ना पळायला. मी म्हटलं, बघते. पळण्याचा विचार नव्हता. पण रॅक आवरायला काढला. खालच्या कप्प्यात माझा तो जुना जोड होता, पहिल्यांदा बरोबर बसलेला. ऐप्पसीच्या पावसात तो चिंब भिजला होता. मी पेपर कोंबून तो वाळत ठेवला आणि त्याच आठवड्यात नवा मागवला होता. तळ अजून बरा होता. झाडायला येणाऱ्या बाईंना द्यावा म्हणून मी बोळे काढायला लागले.

डाव्या बुटातला बोळा पेपरच्या एका कोपऱ्याचा होता. उजव्यातला मोठा होता, पुढपर्यंत ठासलेला, वाळून कडक झालेला. ओढून काढला तर त्यावर निळी रेघ दिसली.

मी तो फरशीवर ठेवून तळहातानं सपाट केला. पाण्यानं शाई पसरली होती, पण पाय ओळखू येत होता. पाच बोटांच्या पाच कमानी. बाहेर पळणारी करंगळी. टाचेशी मात्र रेघ तुटली होती, दोन वेळा सुरू होऊन थांबली होती. तिथे माप घ्यायला टाच दाबून धरावी लागली असणार.

मी पायातली चप्पल काढली. हल्ली मी घरात चप्पल घालते, स्वयंपाकघरातसुद्धा, मला विचारणारं कुणी नाही. भिंतीला टाच न टेकवता, मोजे न घालता, मी उजवा पाय त्या रेघेच्या आत ठेवला.

कुठेही जागा उरली नाही आणि कुठेही रेघेबाहेर गेला नाही. करंगळीसुद्धा तिच्या करंगळीत बसली. माझाच नंबर. तिनं चप्पल मागितली त्या संध्याकाळी मला कागद लागला नसता, दुकानात जाऊन नुसता माझा पाय पुढे करायचा होता.

मी त्या कागदावर पूर्ण भार देऊन बराच वेळ उभी राहिले. तिची रेघ जिथे तुटली होती, तिथे माझी टाच जराही दुखत नव्हती.